बेबी सनस्क्रीन नक्की कुणासाठी?

मंडळी, आज शनिवार. रिलीज कालच झाली, फोन सायलेंटवर आहे, दुसरा चहा समोर आहे आणि मी भांडणाच्या मूडमध्ये आहे. भांडण एका ट्यूबशी आहे. पन्नास ग्रॅमची, आकाशी रंगाची, वर हसरा सूर्य आणि त्याखाली 'बेबी सनस्क्रीन' अशी गोल गोल अक्षरं.

गेले काही महिने माझ्या आजूबाजूला हाच विषय चालू आहे. माझ्या वयाचे सगळे आईबाप व्हायला लागलेत (मी अजून फक्त मामा आहे). लंच टेबलवर पूर्वी मोबाईलच्या प्रोसेसरवरून जशी जुंपायची तशी आता बाळाच्या सनस्क्रीनवरून जुंपते. कुठलं सेफ? मिनरल की केमिकल? एसपीएफ ३० की ५०? अमेरिकेहून कुणी येतंय, मागवू का? प्रश्न सगळे रास्त वाटतात. पण त्यांच्या आधीचा प्रश्न कुणीच विचारत नाही. ते लावायचंय कशाला?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सगळ्यात सेफ सनस्क्रीन म्हणजे सावली. त्यापुढच्या बाळासाठी क्रीमचा नंबर सावली आणि कपड्यांच्या नंतर लागतो. आणि आपल्याकडे तो नंबर पहिला आला, याला कारण उन्हाची भीती कमी आणि रंगाची भीती जास्त.

आता एकेक करून घेऊ.

अमेरिकेतलं औषध-नियंत्रण खातं, म्हणजे एफडीए, सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावायला सरळ नको म्हणतं. त्यांना उन्हात नेऊच नका, सावलीत ठेवा, अंगभर कपडे घाला, असा सल्ला आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना थोडी सूट देते: सावली आणि कपडे मिळणं अशक्यच असेल, तर चेहरा, हाताची पाठ अशा छोट्या भागांवर थोडंसं लावा. यामागचं कारण साधं आहे. तान्ह्या बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ आपल्यापेक्षा खूप जास्त. म्हणजे कातडीवर जे चोपडाल, त्याचा वजनाच्या हिशोबाने जास्त भाग आत जाऊ शकतो. शिवाय बाळाला आपल्यासारखा घाम येऊन अंग थंड करता येत नाही. क्रीम लावून उन्हात नेलं तर किरण अडतील कदाचित, पण उकाडा कोण अडवणार?

यात त्वचा गोरी की काळी हा प्रश्नच येत नाही, कारण मुद्दा शोषणाचा आणि उष्णतेचा आहे. तो पुण्यातल्या बाळालाही लागू आहे आणि ओहायोतल्या बाळालाही.

मागच्या महिन्यात ताईबरोबर अशाच एका चकाचक दुकानात गेलो होतो. (नाव सांगत नाही, सगळी सारखीच.) भाची तेव्हा साडेचार महिन्यांची. आम्ही गेलो होतो लंगोट आणि टोपडी घ्यायला. काऊंटरवरच्या मुलीने न विचारता ट्यूब पुढे केली. "मॅडम, हे झिरो प्लस आहे, नवजात बाळालाही चालतं." मी विचारलं, सहा महिन्यांच्या आत लावत नाहीत ना? ती म्हणाली, "सर, हे केमिकल-फ्री आहे." मी म्हटलं, पाणीसुद्धा केमिकलच असतं. (इंजिनिअरिंगचा हा एवढाच उपयोग झालाय आजवर.) तेव्हा तिने मला सोडलं आणि ताईकडे वळून आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, आत्तापासून लावलं ना, की बाळ काळवंडत नाही."

हे तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की ती मनाचं बोलली, मला माहीत नाही. त्या मुलीवर माझा रागही नाही. पण ट्यूब कशाच्या जोरावर खपते, ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं.

रंगाकडे नंतर येतो. आधी ट्यूबकडे बघू. सॉफ्टवेअर विकत घेताना आपण ब्रोशर बघून सही करत नाही, आत काय आहे ते बघतो. ट्यूबचंही तसंच करायचं. पुढची बाजू मार्केटिंगवाल्यांनी लिहिलेली असते. 'बेबी' या शब्दामुळे आतला माल वेगळा असेलच असं नाही. पुष्कळदा मोठ्यांच्या क्रीममधलेच फिल्टर आत असतात. 'डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड' म्हणजे त्वचेवर कसलीतरी चाचणी झाली. निकाल काय लागला, किती जणांवर झाली, त्यात एक तरी बाळ होतं का, काही कळत नाही. 'हायपोअॅलर्जेनिक' या शब्दाला एफडीएच्या लेखी ठरलेली व्याख्याच नाही. 'नॅचरल'बद्दल तर बोलायलाच नको, बिब्बासुद्धा नॅचरल असतो. ज्याच्या अंगावर उतला असेल त्याला विचारा!

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत सनस्क्रीन हे कायद्याने औषध आहे. आपल्याकडे ते कॉस्मेटिक आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पावडर-लिपस्टिकच्या रांगेतलं. अमेरिकन ट्यूबवर कुठला फिल्टर किती टक्के हे छापावं लागतं. आपल्याकडे घटकांची नावं मिळतात, टक्के बहुतेक वेळा मिळत नाहीत. तेव्हा निदान नावं तरी वाचायला शिकू.

शोधायची नावं दोन: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे झाले मिनरल फिल्टर. २०१९ साली एफडीएने तिथे वापरात असलेल्या १६ फिल्टरचा हिशोब मांडला. सुरक्षित आणि परिणामकारक म्हणायला पुरेसा आधार आहे असे निघाले दोनच, हे वरचे. दोन नापास झाले. उरलेल्या १२ बद्दल 'अजून माहिती द्या' असं कंपन्यांना सांगितलं. त्याच वर्षी एफडीएच्याच शास्त्रज्ञांचा एक छोटा अभ्यास छापून आला. २४ मोठ्या माणसांना अंगाच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून ४ वेळा, ४ दिवस सनस्क्रीन लावलं. अव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन यांसारखे केमिकल फिल्टर रक्तात सापडले, आणि ज्या पातळीच्या वर गेल्यास आणखी तपासण्या कराव्या लागतात, तिच्या वर सापडले.

आता इथे घाबरवणारे लोक लगेच 'विष! विष!' म्हणून ओरडतात. तसं त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही. रक्तात सापडणं म्हणजे अपाय होणं नव्हे, आणि सनस्क्रीन वापरणं थांबवा असंही त्यांनी सांगितलं नाही. पण बाळासाठी निवड करताना माझा साधा हिशोब असा: कातडीच्या वरच बसून राहणारा पर्याय हाताशी असताना, रक्तात जाणारा आणि ज्याची माहिती अजून अपुरी आहे असा पर्याय कशाला घ्या? झिंक ऑक्साइड तर घरात आधीच असतं. लंगोटाच्या पुरळावरच्या क्रीममध्ये तेच, कॅलामाइन लोशनमध्येही तेच. (म्हणून ते क्रीम सनस्क्रीन म्हणून लावू नका! किरण किती अडतात याची चाचणी त्यावर झालेली नसते.)

पण मिनरल लिहिलं की डोळे मिटून घ्या, असंही नाही. ऑस्ट्रेलियात चॉइस नावाची ग्राहकांची संस्था आहे. तिने २०२५ मध्ये एसपीएफ ५० किंवा ५०+ लिहिलेली २० सनस्क्रीन तपासून घेतली. १६ आपल्या आकड्यापर्यंत पोचलीच नाहीत. झिंकवाल्या एका महागड्या ट्यूबवर ५०+ छापलं होतं, चाचणीत निघाले ४! पुढे ती बाजारातून मागे घ्यावी लागली. आणि हे ऑस्ट्रेलियात झालं, जिथे सनस्क्रीनचे नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहेत. आपल्याकडच्या आकड्यांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, आकडा खरा आहे असं धरून चालू. तो मिळवायला किती क्रीम लागतं? एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात. दहा किलोच्या, म्हणजे साधारण वर्षाच्या बाळाचं अंग अंदाजे साडेचार हजार चौरस सेंटीमीटर. झबलं-चड्डीत निम्मं अंग उघडं धरा. झाले सव्वादोन हजार. गुणिले दोन, म्हणजे साडेचार ग्रॅम. एका वेळचे! दर दोन तासांनी परत लावायचं, पाण्यात गेलं की परत. गोव्याला किनाऱ्यावर तीनदा लावलंत तर पन्नास ग्रॅमची ट्यूब चार दिवस पुरत नाही. आणि आपण काय करतो? वाटाण्याएवढं बोटावर घेतो, दोन गालांना टिकल्या लावतो आणि बाराच्या उन्हात बागेत नेतो. मग पन्नासचे पन्नास राहतात कुठे? वर आपण निर्धास्त, 'लावलंय ना!' हा निर्धास्तपणाच खरा धोका आहे.

३० आणि ५० वरून भांडणाऱ्यांसाठी: ३० असेल तर उन्हाने कातडी भाजवणाऱ्या किरणांपैकी साधारण ३ टक्के आत येतात, ५० असेल तर २ टक्के. या एका टक्क्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात आणि लावताना मात्र चिमटीत घेतात.

तर मग करायचं काय? ऑस्ट्रेलियात १९८१ साली एक प्रसिद्ध मोहीम सुरू झाली, 'स्लिप, स्लॉप, स्लॅप'. शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला. त्या उन्हात, तशा गोऱ्या कातडीच्या देशात, पहिला शब्द शर्टाचा होता. आजही तिथल्या कितीतरी शाळांत नियम आहे: टोपी नाही तर खेळ नाही.

आपल्याकडे हे ज्ञान ऑस्ट्रेलियातून आणायची गरज नव्हती. कुंची आठवतेय? डोकं, कान, मान आणि पाठ झाकणारी? मी तिला जगातलं उत्तम सनस्क्रीन म्हणतो. बॅटरी नको, दर दोन तासांनी लावायची भानगड नको, घटकांची यादी एका शब्दाची: सुती. फक्त कापड दाट विणीचं हवं. पातळ पांढऱ्या टी-शर्टातून बरेच किरण आत येतात, ओला झाला तर आणखी. कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडचं स्वच्छ दिसत असेल तर किरणांनाही वाट मिळते. आणि बाबागाडीवर दुपटं टाकून ती चहूबाजूंनी बंद करू नका, आत भट्टी होते.

वेळ कशी ओळखायची? सावली बघा. तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान असेल तर ऊन कडक, बाळाला आत न्या. आपल्याकडे तर मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावली दिवस म्हणून आपण गच्चीवर बाटल्या उभ्या करून फोटो काढतो. त्या दिवसांत निरभ्र दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात शेवटची, 'अतितीव्र' पायरी म्हणतात. फोनवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये हा आकडा फुकट दिसतो. तो ३ च्या खाली असेल तर निवांत फिरा.

इथे आज्या म्हणतील, "अरे, पण कोवळं ऊन?" आजी, कोवळं ऊन जरूर द्या. बाळाला छान वाटतं, तुमच्याही सांध्यांना बरं. पण त्याने ड जीवनसत्त्वाचं काम भागतं हे काही खरं नाही. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जमिनीपर्यंत फारसे पोचतच नाहीत. म्हणून तर आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व थेंबांतून द्यायला सांगते. किती मिली ते डॉक्टरांना विचारा, कारण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असते.

हुश्श. आता रंग.

ताईच्या घरी बारशाला तिच्या आतेसासूबाई आल्या होत्या. पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "नाकीडोळी छान आहे हो. रंग तेवढा बापाचा घ्यायला हवा होता." बारा दिवसांचं पोर! ताई हसली, चहाचे कप गोळा केले आणि आत गेली. ताई सावळी आहे. लहानपणापासून तिने 'निमगोरी', 'गव्हाळ', 'उजळ आहे तशी' हे सगळे सभ्य शब्द स्वतःबद्दल ऐकलेत. दूध-डाळीचं पीठ तिला लावलं गेलंय, मला कधी नाही. मी मुलगा ना. आज ती एका बँकेच्या आयटीत वीस माणसांची टीम सांभाळते, आणि तरी त्या दुकानात 'काळवंडत नाही' ऐकल्यावर तिचा हात ट्यूबकडे गेला. क्षणभरच. पण मी बघितला.

म्हणून हा विषय मला साबण-पावडरचा वाटत नाही. १९७५ साली या देशात 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० साली तिच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. नाव बदललं, आपलं मन तिथेच. आता गोरेपणाचं क्रीम मागायला सुशिक्षित माणसाला लाज वाटते. सनस्क्रीन मागायला वाटत नाही, कारण त्याला सायन्सची इस्त्री केलेली आहे. विठ्ठलाला सावळा म्हणून आळवायचं आणि लेकीला सावळी म्हणताना आवाज खाली आणायचा, हे आपलंच.

आणि गंमत बघा, या भीतीत विज्ञानही नाही. बरीच बाळं जन्मतः फिकट, गुलाबी दिसतात. त्यांचा मूळ रंग पुढच्या काही महिन्यांत उतरतो, कारण रंगद्रव्य तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. घरात ठेवा, गुहेत ठेवा, तो उतरणारच, कारण तो आईबापांकडून आलाय. घरचे म्हणतात, "उन्हात नेलं म्हणून काळवंडलं." उन्हाचा काही संबंध नाही हो! तो तिचा रंग आहे. आणि तोच रंग तिला आयुष्यभर उन्हापासून थोडंफार वाचवणार आहे. कंपनीने ट्यूबमध्ये भरून विकलेली गोष्ट निसर्गाने तिला फुकट दिली, आणि ती झाकायला आपण पैसे देतोय.

'म्हणजे तू सनस्क्रीनच्या विरुद्ध आहेस का?' असं विचाराल. अजिबात नाही. सावळी त्वचाही भाजते, फक्त लवकर दिसत नाही. समुद्र, स्विमिंग पूल, लडाखची सहल (दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात), ऑनसाईट मेलबर्नला गेलेला मित्र आणि त्याची दोन वर्षांची मुलगी, या सगळ्यांना ते हवंच. आणि ज्या मुलांच्या अंगात रंगद्रव्यच तयार होत नाही, अल्बिनिझम असलेली मुलं, त्यांना ते चष्म्यासारखं रोज हवं, डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्यांच्यासाठी ते स्वस्त आणि खात्रीचं मिळावं म्हणून आपण आरडाओरडा केला तर त्याला अर्थ आहे. आपण वाद घालतोय तो सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सहा वाजता कुठलं लावू याच्यावर.

तेव्हा ज्यांना थेट उत्तरच हवं त्यांच्यासाठी:

सहा महिन्यांच्या आत काही नाही. सावली, कुंची, दूध. अगदीच नाइलाज असेल तर डॉक्टरांना विचारून, एवढ्याशा भागावर.

सहा महिन्यांनंतर, कपड्याबाहेर उरलेल्या भागासाठी: फिल्टर म्हणून फक्त झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, एसपीएफ ३० किंवा जास्त, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं किंवा पीए+++ च्या पुढचं, बिनवासाचं. पांढरट थर दिसला तर दिसू दे, बाळाला सेल्फी काढायचा नाहीये.

स्प्रे आणि पावडर नको, बाळ ते श्वासात घेतं. शिवाय २०२१ साली अमेरिकेत एका बड्या कंपनीने बेन्झीन सापडलं म्हणून आपले स्प्रे परत मागवले होते. डास पळवणारं औषध मिसळलेलं सनस्क्रीन नको, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं आणि डासांचं औषध तितक्या वेळा लावायचं नसतं. आधी मनगटाच्या आत थोडं लावून दिवसभर बघा. डोळ्यांजवळ नको, आणि तोंडात जाणाऱ्या बोटांवर नको, म्हणजे थोडक्यात सगळ्याच बोटांवर नको :-)

घरगुती रेसिपी तर मुळीच नको. खोबरेल मालिशला उत्तम, सनस्क्रीन म्हणून नाही.

असो. इतकं वाचून कुणी ट्यूब घेतलीच तर माझी हरकत नाही. फक्त घेताना स्वतःला एकदा विचारा: बाळ भाजेल म्हणून घेतोय, की सावळं दिसेल म्हणून? पहिलं असेल तर वरची यादी वापरा. दुसरं असेल तर ट्यूब ठेवून द्या आणि त्या पैशात बाळाला एक झकास कुंची शिवा. आणि पुढच्या वेळी पाळण्यात डोकावून कुणी रंगावर बोललं, तर चहाचे कप गोळा करायला आत जाऊ नका. तिथेच बसा आणि उत्तर द्या. पोरीला अजून बोलता येत नाही, पण ऐकू येतं.